कोण बोललं?

शालिक, पहिल्याच भेटीत मी तुला न विचारता उचललं.

आपल्या केंद्रातला तो माझा पहिला दिवस. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि डोक्यात समाजसेवा. दारासमोर सात पायऱ्या. अपंगांना धंदेशिक्षण द्यायच्या इमारतीला सात पायऱ्या कोणी काढल्या असतील यावर आपण पुढे कितीतरी चहा संपवले. पण त्या दिवशी मला त्या पायऱ्यांत फक्त माझी संधी दिसली. चौथ्या पायरीवर तू दोन कुबड्यांवर उभा होतास, घामाने भिजलेला. मला वाटलं, बिचारा चढतो आहे. पिशवी फेकली, "थांबा, थांबा" म्हणत धावलो, तुला कमरेला मिठी मारली आणि कुबड्यांसकट वर नेऊन दारात उभं केलं. शर्टाची इस्त्री मोडली, त्याचंही मला समाधान वाटलं.

तू आधी कुबड्या नीट टेकवल्यास. मग म्हणालास, "झालं?"

"झालं. आभार वगैरे नकोत," मी म्हणालो.

"मी उतरून राहिलो होतो, बाप्पा. चहाले चाललो होतो. चार पायऱ्या उतराले दहा मिनिटं लागले मले."

मी पुन्हा हात पुढे केले, खाली नेऊन ठेवतो म्हणालो. तू कुबडी माझ्या छातीला टेकवलीस, हळूच, पण टेकवलीस. "हात नको लावू. तिथं उभा राह्य अन् पाह्य." आणि सातही पायऱ्या तू पुन्हा उतरलास. मी पाहत उभा. एकेका पायरीवर तू थांबायचास, घाम पुसायचास आणि मी अजून उभा आहे ना, हे वळून पाहायचास. टपरीवर चहा हातात आल्यावर म्हणालास, "आधी विचाराचं. अन् नाही म्हटलं का गप्प राहाचं." यातला पहिला अर्धा भाग मी आयुष्यात शिकलो, असं माझं मत आहे. दुसऱ्या अर्ध्याचं शिक्षण चालू आहे.

हा किस्सा मी पुढची तीस वर्षं सांगत फिरलो. लग्नात, बारशात, मीटिंगांत, पाहुण्यांना सोडायला स्टेशनवर गेलो तर फलाटावर. तुझ्या घरी गेलो की मंदावहिनी म्हणायच्या, "भाऊजी, आता तर मलेच वाटते का मीच होती त्या पायरीवर." लोक हसायचे, मी मोठा दिलदार माणूस ठरायचो, स्वतःवर हसणारा. त्या किश्शाने माझी भरपूर सोय केली. एकदा त्याने कोणाचं नुकसान केलं, ते मी कधी कुठे सांगितलं नाही. तुलाही नाही. तू तर विचारत होतास.

मी प्लेसमेंटचा माणूस. मुलामुलींनी आपल्या केंद्रात धंदा शिकायचा आणि मी कारखान्यांची दारं ठोठावून त्यांना नोकऱ्या लावून द्यायच्या, अशी वाटणी. तुझा वर्ग मोटर वाइंडिंगचा. नागपुरात उन्हाळ्यात घरचा कर्ता पुरुष बंद पडलेला चालेल की कूलर, असं कोणी विचारलं, तर घरचे उत्तर द्यायला वेळ घेतील; तेव्हा तुझ्या वर्गाला मरण नव्हतं. जळक्या मोटरीतली काळी पडलेली तार उपसून काढायची, नवी तांब्याची तार हातचाकावर साच्याभोवती गुंडाळायची, ती कॉइल मोटरीच्या खाचांत बसवायची, वार्निश पाजायचं. सगळी करामत वेढ्यांच्या मोजणीत. कमी पडले तर मोटर तापून पुन्हा जळणार, जास्त झाले तर पंखा सुस्त म्हाताऱ्यासारखा फिरणार.

हातचाकाला आकडे दाखवणारा काटा होता. तू त्याच्यावर चिकटपट्टी लावून ठेवली होतीस. मी विचारलं, काहून? तू म्हणालास, "काटा बिघडला तं यानं काय कराचं? दुकान बंद? मोजणं डोक्यात पाहिजे." म्हणून तुझ्या वर्गात सगळे ओठांतल्या ओठांत मोजायचे, आणि दारावर तू लाल रंगाने लिहून ठेवलं होतंस: मोजणं चालू आहे.

ती पाटी मी वाचली होती. वाचूनही दुसऱ्या दिवशी आत शिरलो, कारण मला वाटलं ती इतरांसाठी आहे. आत बारा माणसं खाली माना घालून ओठ हलवत होती, एखाद्या विहारात आल्यासारखं शांत. मला राहवेना. मी खणखणीत आवाजात म्हणालो, "नमस्कार मंडळी! मी मनोहर. आजपासून तुमच्या नोकऱ्यांची काळजी माझी!"

बारा हात एकाच वेळी थांबले.

मागून कोणीतरी "गेलं" म्हणालं, एवढंच. तू टेबलाच्या पलीकडून कुबडीने एक स्टूल माझ्याकडे सरकवलंस. वर्गाचा कायदा तेव्हा कळला: ज्याच्या बोलण्यानं मोजणं मोडलं, त्यानं ती कॉइल उकलून द्यायची. तार न वळता, न गुंतता, रिळावर परत. मी बाराच्या बारा उकलल्या. चौथ्या कॉइलला तार माझ्या घड्याळात अडकली, सातव्याला शर्टाच्या बटनात. दोन पायांना कॅलिपर लावलेली एक मुलगी माझ्या बटनातली तार सोडवत म्हणाली, "सर, तुमी तारेले समजावून नका सांगू. हळू ओढा फक्त."

ती सुजाता. तुझी सर्वांत चांगली विद्यार्थिनी. तिच्याबद्दल तू तोंडावर कधी चांगलं बोलला नाहीस आणि पाठीमागे दुसरं काही बोलला नाहीस. "ते पोरगी मोजणं चुकत नाही," असं तू मला निदान शंभरदा सांगितलं असशील. हे वाक्य लक्षात राहू दे. मला तर विसरता येत नाही.

आपलं भांडण कशावर व्हायचं नाही? सीताबर्डीच्या प्रदर्शनात आपण स्टॉल लावला, तेव्हा मी वरती मोठ्ठा फलक लिहून आणला: अपंग बांधवांनी बनवलेले पंखे. तू आलास, स्कूटरवरूनच फलक वाचलास आणि म्हणालास, "उतरव."

"अरे, लोक थांबतात त्याने!"

"थांबतात कशाले? पंखा पाहाले का आपल्याले पाहाले?"

"थांबतात ना? मग विकला जातो ना?"

"दयेनं घेतलेला पंखा कोणी दुरुस्तीले आणत नाही, मनोहर. अडगळीत ठेवते अन् वरून पुण्य मिळालं म्हणते. मले तो माणूस पाहिजे जो दोन महिन्यांनी येऊन भांडते, का तुमचा पंखा आवाज करून राहिला."

मी उतरवला नाही. तू एका बाजूची दोरी सोडलीस. दिवसभर तो फलक तिरका लोंबत होता आणि लोक मान वाकडी करून वाचत होते. त्या दिवशी बरेच पंखे गेले. मी म्हणतो फलकामुळे. तू म्हणायचास, उकाड्यामुळे. हे भांडण मिटलेलं नाही, आणि तू गेलास म्हणून मी माघार घेतोय असं समजू नको. पण खरं सांगतो, त्यातला एकही पंखा दुरुस्तीला परत आला नाही. हे मी तेव्हा मोजलं होतं आणि तुला सांगितलं नव्हतं.

पुढे सरकारी कागदांवर आपलं नाव बदललं, अपंगाचे दिव्यांग झाले. मी नवा बोर्ड रंगवून आणला. तू तो वाचून म्हणालास, "चांगलं आहे. आता पायऱ्या?" पायऱ्यांना उतार मिळायला आणखी चार वर्षं लागली. उतार झाला त्या दिवशी तू तुझी ती बाजूला दोन जादा चाकं लावलेली स्कूटर थेट वर्गात नेलीस आणि बारा जणांचं मोजणं मोडलंस. कायद्याप्रमाणे उकलत बसलास, शिट्टी वाजवत. तुझ्याइतका आनंदानं शिक्षा भोगणारा माणूस मी पाहिला नाही.

त्या स्कूटरवर मागे बसून मी महाल भागातल्या गल्ल्या पाहिल्या. म्हणजे पाहिल्या नाहीत, डोळे मिटून घेतले होते. सकाळी सकाळी पोह्यांच्या ठेल्याशी तू गाडीवरच बसून खायचास आणि मी शेजारी उभा. पोह्यांवरची तर्री माझ्या शर्टावर पडायचीच. तू म्हणायचास, "दोन पाय असून काय फायदा, मनोहर? उभं राहता येत नाही तुले." ठेलेवाला हसायचा. मीही हसायचो. आता त्या ठेल्यासमोरून जाताना मी रस्त्याच्या त्या बाजूला बघतच नाही. परवा चुकून बघितलं. ठेलेवाल्याने दोन प्लेटी काढायला हात घातला, आणि मग एक परत ठेवली. तो काही बोलला नाही. बघ, पोहेवाल्यालाही कुठे गप्प बसायचं ते कळतं.

आता ते सांगतो, जे तू विचारत होतास.

एमआयडीसीतल्या त्या विजेच्या मोटरींच्या कारखान्यात वाइंडरची एक जागा निघाली होती. मी सुजाताला घेऊन गेलो. जाताना ऑटोत ती वही काढून आकडे वाचत होती आणि मी तिला धीर देत होतो, म्हणजे ती वाचू शकणार नाही याची काळजी घेत होतो. साहेबांनी विचारलं, एक मोटर बांधायला किती वेळ लागतो? तिने तोंड उघडलं आणि उत्तर मी दिलं. साहेबांनी विचारलं, उभं राहून काम जमेल? तिने तोंड उघडलं आणि उत्तर मी दिलं. तिसऱ्या प्रश्नाला तिने तोंड उघडलंच नाही.

मग साहेब म्हणाले, बोलणं पुरे, करून दाखवा. एका बाकावर तिला तार, साचा, उघडी मोटर दिली. ती बसली, केस मागे बांधले, चाक फिरवायला लागली. तिचे ओठ हलताना मला दिसत होते, शालिक. साहेब माझ्या शेजारी उभे. शांतता. तू मला ओळखतोस. शांतता माझ्या अंगावर खाजेच्या पावडरीसारखी येते. मी म्हणालो, "साहेब, आमच्या केंद्रात मी पहिल्या दिवशी काय केलं माहीत आहे?"

आणि सात पायऱ्यांचा किस्सा सुरू केला. सगळा. तुझ्या आवाजासकट. "मी उतरून राहिलो होतो, बाप्पा" इथे साहेब एवढ्या मोठ्यानं हसले की शेजारच्या यंत्रावरच्या माणसाने वळून पाहिलं.

सुजाताचा हात थांबला. ओठ थांबले. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. वर्गात असती तर तिने कॉइल माझ्यासमोर टाकली असती. तिथे साहेब होते, नोकरी होती, आणि हसणारा माणूस साहेब होता. ती कशी म्हणणार, गप्प बसा? ती अंदाजानं पुढे गेली. मोटर जोडली, चालू केली. ती गुरगुरली, फिरली, आणि थोड्या वेळात तापली. साहेबांनी हात लावला, चटका बसला, बटण बंद केलं. "कळवतो," म्हणाले.

परत येताना ऑटोत ती एवढंच म्हणाली, "चुकलं माझं."

मी म्हणायला हवं होतं: तुझं नाही. मी म्हणालो, "होतं असं. पुढच्या वेळी."

एवढ्यावर थांबलो असतो तरी मी फक्त मूर्ख ठरलो असतो. पण केंद्रात आल्यावर रजिस्टर भरायचं होतं. त्यात एक रकाना होता: निवड न झाल्याचे कारण. पेन मी हातात घेतलं. "प्लेसमेंट अधिकारी बडबडला" असं लिहायला तिथे जागा होती. मी लिहिलं: उमेदवाराचे कामात लक्ष नाही.

चार शब्द. त्या रकान्याची नक्कल उमेदवाराच्या प्रत्येक अर्जासोबत पुढे जायची, हे मला माहीत होतं. नियम माझाच होता. पुढची दोन वर्षं सुजाताला एकाही कारखान्याचं बोलावणं आलं नाही.

तू संध्याकाळी माझ्या खोलीत आलास. रजिस्टर उघडलंस, तो रकाना मोठ्याने वाचलास. मग बंद केलंस. "सुजाताचं लक्ष नाही?"

मी काही तरी शोधायला टेबलाखाली वाकलो.

"ते पोरगी मोजणं चुकत नाही, मनोहर. कोण बोललं?"

"कोणी नाही," टेबलाखालून मी म्हणालो.

तू बराच वेळ उभा राहिलास. तुला उभं राहणं किती महाग पडायचं, हे मला माहीत होतं. तरी मी टेबलाखालून वर आलो नाही. कुबड्यांचा आवाज दूर गेल्यावर आलो.

त्यानंतर तू सहा महिने माझ्याशी कामापुरतंच बोललास. मग हळूहळू पुन्हा पोहे सुरू झाले, भांडणं सुरू झाली. पण मध्येच, कशाचंही बोलणं चालू असताना, तू ते टाकायचास. पतंगाची गोष्ट चाललेली, राजकारण चाललेलं, मंदावहिनींच्या वांग्याच्या भाजीचं कौतुक चाललेलं, आणि तू मान वर न करता: "कोण बोललं?" मी हसायचो. दुसरा किस्सा काढायचो. तू ऐकून घ्यायचास. माझे किस्से तू किती ऐकून घेतलेस, शालिक! त्यातले निम्मे तरी त्या एका उत्तराऐवजी होते.

मधल्या काळात सुजातानं स्वतःचं दुकान काढलं. कारखान्याचं दार मी बंद केलं होतं. हे दार तू उघडलंस. जागा तू शोधलीस, पहिली गिऱ्हाइकं तू पाठवलीस. मला उद्घाटनाला बोलावलंत. मी हार घेऊन गेलो आणि भाषण केलं. भाषणात काय सांगितलं असेन, ते सांगायला नको. सात पायऱ्या. ती समोर बसून ऐकत होती.

मेट्रो सुरू झाली तेव्हाची तुझी मजा आठवते? सीताबर्डीच्या स्टेशनवर लिफ्ट आहे हे कळल्यावर तू मला मुद्दाम घेऊन गेलास. आता तुझी व्हीलचेअर होती आणि माझे गुडघे गेले होते. लिफ्टच्या दारात तू म्हणालास, "तू पायरीनं ये." मी म्हणालो, अरे, मलाही लिफ्ट चालते. "नाही. पायरीनं ये. हात नाही लावत तुले." मी धापा टाकत वर पोचलो, तर तू फलाटाच्या तोंडाशी मनगटावरचं घड्याळ पाहत बसलेला. "दहा मिनिटं," म्हणालास. तीस वर्षं वाट पाहिलीस त्या दोन शब्दांसाठी! मग तू त्या दुपारी नुसताच वर-खाली, वर-खाली जात राहिलास. कुठे जायचं नव्हतं. तुझ्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कुठल्या देवळातल्या माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. गार्डने विचारलं, काका, कुठं जायचं आहे? तू म्हणालास, "वर. मंग खाली."

दवाखान्यात शेवटचं भेटलो, तेव्हा तुझा आवाज फार बारीक झाला होता. मंदावहिनी औषधं आणायला गेल्या होत्या. तू बोटाने मला जवळ बोलावलंस. मी कान नेला. तू म्हणालास, "कोण बोललं?"

खोलीत आपण दोघंच. दार लोटलेलं. याहून सोपी परीक्षा कोणाला देत नाहीत. आणि मी काय केलं? मी म्हणालो, "पायऱ्यांचं आठवतं का रे तुला?" आणि तोच किस्सा तुला सांगायला लागलो. तुलाच! तू हसलास. हसताना खोकला आला, नर्स धावत आली आणि मला बाहेर काढलं. जाताना मी वळून पाहिलं. तू पाहत होतास. त्या पहिल्या दिवशी प्रत्येक पायरीवर वळून पाहायचास, तसा. मी उभा आहे ना, ते बघत.

मी निघून आलो. तिसऱ्या दिवशी फोन आला.

घरातून तुला काढताना चौघांनी उचललं. विचारलं कोणी नाही. मला एका बाजूला खांदा द्यायला सांगितलं. मी खाली वाकलो आणि आधी तुझ्या कानाशी विचारलं, "उचलू का, शालिक?" तुझा मेहुणा माझ्याकडे बघत राहिला. तू नाही म्हटलं नाहीस. तुझं वजन तेवढंच होतं, जेवढं पहिल्या दिवशी होतं. किंवा मला तेवढंच आठवतं. अंगणात उतरायच्या दोन पायऱ्या होत्या. या वेळी बरोबर दिशेनं नेलं.

पुण्यानुमोदनाला माणसं खूप आली. ज्यांच्या हातांत तू तार दिली होतीस ती सगळी. पांढरे कपडे, मेणबत्त्या, बुद्धवंदना झाली. मग मंदावहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमी बोला." सगळ्यांना माहीत होतं मी काय बोलणार. मीही सुरू केलं, "पहिल्याच भेटीत मी शालिकला न विचारता..." पुढच्या रांगेत सुजाता बसली होती. बाकीचे आधीच हसायला लागले होते. ती हसत नव्हती. माझ्याकडे पाहत होती, कारखान्यातल्या बाकावरून पाहिलं होतं तसं, रागाने नाही, नुसतं.

मला पुढचं वाक्य सापडेना. मी हात जोडले आणि खाली बसलो. किस्सा अर्धा सोडायची माझी आयुष्यातली पहिली वेळ. लोकांना वाटलं, गहिवरून आलं. एका माणसाने पाणी दिलं.

म्हणून आता सांगतो. मी बोललो, शालिक. कारखान्यात मी बोललो, मोजणं मी मोडलं, आणि रजिस्टरात खोटं मी लिहिलं. हे लिहायला मला तुझ्या जाण्याची वाट बघावी लागली, यात माझी सगळी हुशारी आली.

पण तुला सांगून काय उपयोग? तू तर ओळखलंच होतंस. सांगायचं होतं तिला.

काल गेलो. प्रताप नगरात तिचं दुकान. बाहेर कूलरांची रांग, या दिवसांत असते तशी. दाराला पायरी नाही, सिमेंटचा उतार आहे. सिमेंट ओलं असताना तू स्कूटर चढवून तपासला होतास, त्याच्या तीन रेघा अजून आहेत. त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून मी कडेकडेनं चढलो.

रस्ताभर वाक्यं पाठ केली होती. दारातच सुरुवात केली. बसलो असतो तर किस्सा सांगितला असता.

"सुजाता, कारखान्यात त्या दिवशी तुझं चुकलं नव्हतं. मोजणं मी मोडलं. आणि नंतर रजिस्टरात मी लिहिलं, तुझं कामात लक्ष नाही. तुझी दोन वर्षं त्याने गेली. शालिक मला विचारत राहिला आणि मी त्याला कधीच सांगितलं नाही. तुलाही नाही. माझं चुकलं."

ती खाली मान घालून बसली होती. वर पाहिलं नाही. तिचा हात हळू झाला, मग थांबला. मला वाटलं तिचे डोळे भरून आले असतील, म्हणून मी आणखी दोन-चार वाक्यं बोललो.

मग ती म्हणाली, "रजिस्टराचं मले माहीत आहे, सर. शालिक सरांनं तवाच वाचून दाखवलं."

"मग तू... तुम्ही दोघं बोलला का नाहीत?"

"मी तं रागात होती. केंद्रात येऊन सगळ्यांसमोर बोलणार होती तुमाले. सर म्हणे, राहू दे. त्याचं त्याले बोलू दे. याच्या तोंडातून गावाचं सगळं निघते, हे एवढं एक निघत नाही. ज्या दिवशी निघन त्या दिवशी मले येऊन सांगजो." तिने पदराने कपाळ पुसलं. "आता मी कोणाले जाऊन सांगू?"

भिंतीवर तुझा फोटो होता, अजून हार न घातलेला. त्याच्याखाली ती जुनी पाटी. आपल्या वर्गाच्या दारावरची, लाल रंग उडत चाललेली. केंद्राची डागडुजी झाली तेव्हा ती कुठे गेली, हे मला कधी कळलं नव्हतं. मी ती वाचली. मग खाली पाहिलं. सुजाताच्या एका हातात चाकाचा दांडा होता, दुसऱ्यात ताणून धरलेली तार, आणि साच्यावर अर्धी भरलेली कॉइल.

तिने तार सोडली. साच्यावरून कॉइल काढली आणि कॅलिपरच्या पायानं एक स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"एकशे चाळीसवर होती मी, सर. माफी मागाले आले, अन् पुन्हा तेच करून ठेवलं. बसा. उकला."